‘गाइड’ची गाणी, शेवटाकडून

रविवार, रात्र

आज ‘गाइड’ या जुन्या हिंदी सिनेमाची गाणी पडद्यावर येतात त्या क्रमानं ऐकायची असं ठरवूनच बसले. समोर वर्षाची ज्वारी निवडायला घेतलेली. फोनवर एरवी लावलं की ‘आज फिर जीने की तमन्ना है’ पहिलं, मग ‘गाता रहे मेरा दिल’, मग ‘तेरे मेरे सपने’. लोकांना आवडणारी गाणी पुढं, बाकीची मागं. त्यात ‘अल्ला मेघ दे’चा नंबर सगळ्यात शेवटी, किंवा लागतच नाही. तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं नाहीतर कुकरची शिट्टी होते.

ही गाणी माझ्या कानावर लहानपणापासूनची. माहेर सोलापुरात, साखर पेठेत, खाली यंत्रमाग. माग चालू असले की विविध भारतीचं अर्धं गाणं खडखडाटात जायचं. तबला, ढोलक, खालचे सूर, सगळं गिळलं जायचं. वर उरायची ती लताबाईंची तान आणि रफींचा वर चढलेला सूर. त्यामुळं ‘गाइड’ची गाणी मला तोंडपाठ असली तरी ती वरच्या मजल्यावरची. त्यांचा तळमजला मी पुढं कानात इअरफोन घातल्यावर ऐकला.

‘मोसे छल किये जाये’चा तबला मला असाच उशिरा भेटला. तो पंडित शिवकुमार शर्मांनी वाजवलाय. संतूरवाले शिवकुमार! लताबाई ‘सैंया बेईमान’ असं म्हणून समेवर येतात तिथं तबला नुसता ठेका धरून बसत नाही. त्यांच्या तक्रारीला तो मधूनच टोचतो, हुंकार देतो, कधी अंगावर धावून जातो. आज तेवढा तुकडा मागं घेऊन घेऊन ऐकला. हातातली ज्वारी सुपात तशीच राहिली.

आणि या गाण्याला लागूनच ‘क्या से क्या हो गया’. नायिका रंगमंचावर नाचता नाचता नायकाला बेईमान म्हणते, आणि लगेच तो मनातल्या मनात तिला बेवफा म्हणतो. संवाद लिहून हे भांडण दाखवायला दहा मिनिटं लागली असती. इथं गीतकार शैलेंद्र आणि संगीतकार सचिनदेव बर्मन यांनी दोघांच्या फिर्यादी दोन गाण्यांत शेजारी शेजारी मांडल्या आणि निकाल दिलाच नाही. दिग्दर्शक विजय आनंदांनीही दिला नाही. दोघंही खरे वाटतात, हीच खरी पंचाईत. आमच्या नात्यातली एक-दोन जोडपी आठवली, पण ते जाऊ दे.

‘आज फिर जीने की तमन्ना है’बद्दल सगळेच लिहितात, मी काय वेगळं लिहिणार. एकच गोष्ट दर वेळी चकित करते. गाणं अंतऱ्यानं सुरू होतं. ‘काँटों से खींच के ये आँचल’ हे आधी आणि मुखडा नंतर. काटे सुटल्याशिवाय जगायची इच्छा होणार कुठून? क्रम बरोबरच आहे. ‘तेरे मेरे सपने’ मला पडद्यावर बघायला जास्त आवडतं. मोजक्याच लांबलांब शॉटांत घेतलंय. कॅमेऱ्याला घाई नाही, रफींना नाही, सॅक्सोफोनलाही नाही. ‘पिया तोसे’ लांब आहे आणि सुंदर आहे, पण आज मध्येच पाणी आलं का बघायला उठले. ‘गाता रहे मेरा दिल’ गोड आहे. बस्स, गोड आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

सचिनदांचा स्वतःचा आवाज या सिनेमात दोनदा येतो. एकदा सुरुवातीला नामावलीवर, ‘वहाँ कौन है तेरा’. नायक राजू तुरुंगातून सुटलाय, घराकडं न जाता भटकत निघालाय. आणि दुसऱ्यांदा शेवटाकडं, दुष्काळात, ‘अल्ला मेघ दे, पानी दे’. मधली गाणी लता, रफी, किशोरकुमार गातात. ती माणसांची गाणी, प्रेमाची, रुसव्याची, पश्चात्तापाची. दोन्ही टोकांना हा पिकलेला, नाकातून येणारा, नावाड्यासारखा आवाज. तो कुठल्याच पात्राचा नाही. पहिल्यांदा तो एका माणसाला विचारतो, तुझं तिकडं कोण आहे बाबा. दुसऱ्यांदा सगळ्या गावाच्या वतीनं वर बघून मागतो. एका माणसाची गोष्ट गावाची कशी झाली, हे मला कथेपेक्षा या आवाजानं जास्त कळलं.

‘अल्ला मेघ दे’ मूळचं बंगालचं लोकगीत, पाऊस मागायचं. अब्बासुद्दीन अहमद यांच्या आवाजात ते गाजलं होतं. सचिनदा १९०६ मध्ये कोमिल्ल्यात जन्मले, जे आता बांगलादेशात आहे. त्या नद्यांच्या मुलखातली गाणी ऐकत ते वाढले. एवढं पाणी असलेल्या मुलखातही पाऊस मागायला गाणं लागतं, याचं मला आधी नवल वाटायचं. पण पाऊस वेळेवर आला नाही की भात काय आणि ज्वारी काय.

सासूबाई सांगोला तालुक्यातल्या. संध्याकाळी हे गाणं लागलं तेव्हा त्या दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना हिंदी फारसं कळत नाही. गाणं संपल्यावर म्हणाल्या, “धोंडी मागतोय की गं हा.”

मग त्यांनी सांगितलं. मृग कोरडा गेला की एका पोराला लिंबाच्या डहाळ्या अंगभर बांधायच्या, नुसते डोळे दिसायचे. बाकीची पोरं ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत त्याला दारोदार न्यायची. प्रत्येक घरची बाई बाहेर येऊन त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायची आणि पदरात मूठभर दाणे घालायची. “विहिरीला तळ लागलेला असला तरी ओतायचं. आपण नाही दिलं तर वरचा कशाला देईल?” १९७२ ला धोंडी काढून काढून पोरं दमली, पाऊस आला नाही. मग खडी फोडायची कामं आणि सुकडी. ते त्या दोन वाक्यांत संपवतात. मी खोदून विचारत नाही.

सिनेमात ‘अल्ला मेघ दे’च्या जोडीला मन्ना डे यांचं ‘हे राम हमारे रामचंद्र’ आहे. एक इकडून, एक तिकडून. आमच्याकडंही पाऊस लांबला की सिद्धेश्वराला साकडं घालतात आणि ईदगाहवर दुवा मागतात. एखाद्या दारानं नाही ऐकलं तर दुसऱ्यानं ऐकावं, इतका साधा व्यवहार. आमच्या ग्रामदैवताचं मला एका गोष्टीसाठी विशेष वाटतं. बाराव्या शतकात सिद्धरामांनी, म्हणजे याच सिद्धेश्वरांनी, लोकांना हाताशी धरून तळं खोदून घेतलं. देवाकडं मागायचं ते मागा, पण कुदळही हाणा.

सिनेमा ज्यावरून काढला ती आर. के. नारायण यांची कादंबरी १९५८ ची, सिनेमा १९६५ चा. नारायण यांना सिनेमा आवडला नव्हता, त्यांनी त्यावर खोचक लेखही लिहिला. गाव राजूला साधू मानतं आणि पावसासाठी त्याला उपास धरावा लागतो. कादंबरीत शेवटी त्या उपासानं खंगलेला राजू पाण्यात उभा राहून म्हणतो, डोंगरांत पाऊस पडतोय. आणि खाली बसतो. पाऊस खरंच आला की नाही, हे लेखक सांगत नाही. सिनेमात मात्र धो धो पडतो.

मी पहिल्यांदा कादंबरी वाचली तेव्हा वाटलं, हा शेवट तर सोलापूरचाच. आमच्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही परतीचा आला तर. इथलं आभाळ कोरडं ठाक असतं आणि आमचं उजनी धरण भरत असतं, कारण पाऊस तिकडं पुणे जिल्ह्यातल्या घाटात पडत असतो. उन्हाळ्यात सगळं शहर ‘उजनी मायनसमध्ये गेली’, म्हणजे वापरायचा साठा संपला, म्हणून चिंता करतं. जुलै-ऑगस्टमध्ये धरण किती भरलं त्याचे टक्के रोज पेपरात बघतं. दारात थेंब नाही, पण वीस टक्के, पस्तीस टक्के, साठ टक्के. डोंगरांत पाऊस पडतोय. आम्ही त्याच वाक्यावर जगतो, आणि ते वाक्य खरं आहे की नाही हे पेपर आल्याशिवाय कळत नाही. राजूचं तेच झालं, फक्त त्याला पेपर मिळाला नाही.

म्हणून मला नारायण यांचा शेवट जास्त खरा वाटतो, आणि सचिनदांचं गाणं सिनेमातल्या पावसापेक्षा मोठं वाटतं. त्या गाण्यात पाऊस येईल अशी खात्री कुठंच नाही. नुसतं मागणं आहे. वर वाद्यांचा फारसा भारही नाही.

अवांतर: १९६७ च्या फिल्मफेअरमध्ये ‘गाइड’ला सिनेमा, दिग्दर्शन, नायक, नायिका अशी बक्षिसं मिळाली. संगीताचं गेलं ‘सूरज’ला. ‘सूरज’ची गाणी मीही गुणगुणते, पण हे काही पटत नाही.

रात्री जेवताना यांना कादंबरीच्या शेवटाबद्दल सांगितलं. हे भाकरी मोडत म्हणाले, “पुस्तकाचं काय ते असू दे. मेमहिन्यात तिकीट काढून आत बसल्यावर शेवटी पाऊस पडलाच पाहिजे की. नाहीतर पैसे परत.”

सासूबाई म्हणाल्या, बरोबर आहे त्याचं.