पर्यावरण सगळ्यांचं, भाडं माझं

बर्लिनमधल्या आमच्या घरमालकाला अचानक पर्यावरणाचा पुळका आलाय. मालक म्हणजे माणूस नाही, कंपनी आहे, त्यामुळे भांडायला समोर कोणी नसतं, येतं ते फक्त पत्र, आणि या वेळचं पत्र चांगलं जाडजूड होतं. मागच्या अंगणाकडच्या भिंतींना बाहेरून इन्सुलेशन (घरातली ऊब धरून ठेवणारा थर), तळघराच्या छताला खालून इन्सुलेशन, माळ्यावर सेल्युलोज (कागदाच्या चुऱ्याचं इन्सुलेशन), खिडक्यांचं काम, सुरुवात तीन महिन्यांनी, आणि शेवटच्या पानावर, जिथे पोचेपर्यंत माणूस जांभया द्यायला लागलेला असतो, तिथे नवीन भाडं.

बर्लिनमधल्या जुन्या बिल्डिंगांचे फोटो टाकून टाकून मी तुम्हाला आधीच पकवलंय (साडेतीन मीटर उंच छत, दाराएवढ्या खिडक्या वगैरे) तेव्हा ते परत नाही. १८७० ते १९१४ च्या दरम्यान हे शहर भसाभसा वाढलं तेव्हा कामगार-कारकुनांना कोंबायला बांधलेल्या या इमारती, रस्त्याच्या बाजूला नक्षी आणि मागे एकामागे एक अंगणं. आजची भाडी बघून त्या कामगारांना घेरी आली असती. पण थंडीत त्या उंच छताचं कौतुक पार उतरतं. जर्मन घरांत जी काही एनर्जी लागते त्यातली साधारण दोन तृतीयांश नुसत्या खोल्या गरम करण्यात जाते, आणि आमच्या घरात तर आपण खोली गरम करतोय की अंगण, असा प्रश्न पडतो. म्हणजे काम व्हायला हवंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं आहे ते त्या ८ टक्क्यांबद्दल.

कायदा असा आहे की मॉडर्नायझेशनवर मालकाने जो खर्च केला त्याच्या ८ टक्के रक्कम तो वर्षाच्या भाड्यात घालू शकतो. २०१९ च्या आधी ११ टक्के होते, म्हणजे आम्ही स्वस्तात सुटलो म्हणायचं. आमचं घर ६० चौरस मीटरचं, आमच्या वाट्याचा खर्च धरलाय ३० हजार युरो, त्याचे ८ टक्के म्हणजे वर्षाला २४००, महिन्याला २००. मग कायद्याला दया येते आणि तो सांगतो की सहा वर्षांत चौरस मीटरमागे ३ युरोपेक्षा जास्त वाढवायचं नाही, म्हणून आम्हाला २०० ऐवजी १८०. बरं, आता खरी गंमत. वर्षाला ८ टक्के म्हणजे साडेबारा वर्षांत मालकाचा सगळा खर्च वसूल, बरोबर? तर त्यानंतर भाडं खाली येत नाही. कधीच नाही. कर्ज फिटलं तरी होम लोनचा हप्ता चालूच, असं समजा, आणि वर घर आपल्या नावावरही नाही. मी हे ऑफिसमधल्या एका जर्मन कलीगला तावातावाने सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, पण तुमचं हीटिंगचं बिल कमी होईल ना. होईल की! अगदी निम्मं झालं तरी महिन्याला साठ-सत्तर युरो वाचतील. १८० वाढणार, ७० वाचणार, आणि या माणसाचं गणित म्हणे चांगलं आहे.

शिवाय काम चालू असताना खिडकीसमोर परांची, त्यावर जाळी, दिवसभर ड्रिलिंग, धूळ. एरवी असा त्रास झाला तर इथे भाडं कमी करून मागता येतं, पण काम एनर्जी वाचवण्यासाठी असेल तर पहिले तीन महिने तेही नाही. कारण पर्यावरण.

आणि हा पुळका आताच का, याचंही उत्तर आहे. हीटिंगच्या गॅसवर सरकार कार्बनची किंमत लावतं, ती पूर्वी सगळी भाडेकरूच भरायचा. २०२३ पासून ती वाटून घ्यावी लागते: बिल्डिंग वर्षाला चौरस मीटरमागे ५२ किलो किंवा त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडत असेल तर त्यातले ९५ टक्के मालकाने भरायचे, आणि १२ किलोच्या आत असेल तर सगळे भाडेकरूने. हा नियम मला मनापासून आवडला, भिंत त्याची तर गळतीही त्याची. पण बघा हं, बिल्डिंग सुधारली की कार्बनच्या बिलातला माझा हिस्सा वाढणार. बिल लहान होईल हे कबूल, तरी चिडचिड होतेच.

आता कौतुक करते, नाहीतर म्हणाल ही तिथे बसून नुसती कुरकुरते.

काम सुरू झालं तेव्हा रस्त्याकडच्या भिंतीला त्यांनी हातही लावला नाही, कारण बाहेरून थर चढवला की सगळी नक्षी झाकली जाणार. आणि खिडक्या! मला वाटलं होतं जुन्या काढतील आणि प्लॅस्टिकच्या बसवतील. इथल्या जुन्या खिडक्या दुहेरी असतात, आत एक जोडी झडपा, बाहेर एक, मध्ये वीतभर जागा. सुतार आला, तावदानं उतरवून घेऊन गेला, आतल्या झडपांना पातळ डबल काच बसवून आणली आणि आतल्याच चौकटीला रबराची पट्टी लावली. बाहेरच्या झडपेला का नाही लावत, विचारलं, तर त्याने बोटाने फट दाखवली. ती मुद्दाम ठेवायची असते. घरातली दमट हवा थोडीफार मधल्या जागेत येतेच, तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती बाहेरच्या काचेवर पाणी होऊन बसते आणि लाकूड कुजतं. त्याआधी परांची चढायच्या वेळी एक बाई दुर्बीण घेऊन अंगणात आल्या होत्या, छपराच्या कडेला चिमण्यांची घरटी आहेत का बघायला. होती. आता मागच्या भिंतीच्या इन्सुलेशनमध्येच चिमण्यांसाठी खोके बसवलेत. त्यांना भाडेवाढ नाही.

खालच्या मजल्यावरच्या आजी तरुणपणी चौथ्या मजल्यावर राहायच्या, तळघरातून कोळशाच्या बादल्या वर न्यायच्या. त्यांना हे सगळं चैनच वाटतं. वाढलेलं भाडं पेन्शनमध्ये बसणार नाही म्हणून त्यांनी भाडेकरूंच्या संघटनेच्या मदतीने अडचणीचा अर्ज केला, नोटीस आल्यावर पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत करावा लागतो. हे इथे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

हे सगळं शाळेच्या ग्रुपवर टाकलं तर एक मैत्रीण लगेच, "बघ, तिकडे सव्वाशे वर्षांच्या बिल्डिंगा जपतात आणि आपण चाळीस वर्षांत पाडतो." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रावर आईबाबांबरोबर माझीही सही आहे, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. १९८४ ची बिल्डिंग, तीन मजले, लिफ्ट नाही, कॉलममधल्या सळया गंजून प्लॅस्टर उडालेलं, बाबांचे गुडघे गेलेले. तिथे काय जपायचं? मुंबईत बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत आणि कॉमन संडासात पिढ्या गेल्या, त्यांना आता ५०० फुटांचं घर मिळतंय, त्यांना जाऊन सांगा की जुनी भिंत न पाडल्याने किती कार्बन वाचतो ते. आणि आमच्याकडे तर काम चालू असताना बिल्डर आपल्याला भाडं देतो, वर कॉर्पस (एकरकमी पैसे) देतो, घर मोठं मिळतं ते वेगळंच. नवरा म्हणतो तू भाडेकरूची तुलना मालकाशी करतेयस. असेल.

पण भाडेकरूच हवे असतील तर आमचे आजी-आजोबा घ्या, शनिवार पेठेतल्या वाड्यात. भाडं इतकं कमी की सांगायला नको. १९४७ च्या कायद्याने १९४० ची भाडी गोठवली ती पुढे दशकानुदशकं तशीच, मालकाला त्यात कौलंसुद्धा बदलणं परवडायचं नाही, म्हणून त्याने काहीच केलं नाही, आणि एका पावसाळ्यात मागची भिंत बसली. जाड भिंती, मध्ये चौक, एप्रिलमध्येही दुपारी गार असणारं माजघर, सगळं गेलं. तेव्हा या ८ टक्क्यांना शिव्या देताना मला तो वाडा आठवतो आणि शिव्या जरा सौम्य होतात. जरा.

सध्या मालकाशी पत्रव्यवहार चालू आहे. दुरुस्तीचा खर्च मॉडर्नायझेशनमध्ये दाखवता येत नाही, तो वजा करावा लागतो, आणि खिडकीची चौकट कुजल्याची तक्रार आम्ही आधीच फोटोसकट केलेली होती. म्हणजे चौकटीचे पैसे त्यांचे, काचेचे आमचे. १८० काही मी सुखासुखी देणार नाही.

कोथरूडच्या नवीन बिल्डिंगचा प्लॅनही व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय. "ग्रीन" आहे म्हणे, सोलर आहे, रेन वॉटर हार्वेस्टिंग आहे. चांगलंच आहे. जगात माणूस जो कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यापैकी सात-आठ टक्के नुसत्या सिमेंटचा असतो, तेवढं तरी फेडायला हवंच. फक्त पश्चिमेला अख्खी काच आहे आणि खिडक्यांवरचे छज्जे गायब. मी सेक्रेटरीकाकांना कळवलं की छज्जे द्या, आणि गच्चीवर पूर्वीसारखं पांढरं चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचं) करा, वरच्या मजल्याला एसी कमी लागेल. काकांचा मेसेज आला, "बेटा, गच्चीचं बोलतो. छज्ज्यांनी एलिव्हेशन बिघडतं असं आर्किटेक्टचं म्हणणं आहे." (एलिव्हेशन म्हणजे बिल्डिंगचा दर्शनी भाग.) मी लिहिलंय की आर्किटेक्टना मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या एलिव्हेशनच्या मागे बसवा आणि मग विचारा.