पोर्तुगाल, मे महिना, दहा रात्री: पैसा कुठे वाचतो आणि कुठे गळतो

पोर्तुगालची सहल स्वस्तात होते की नाही, हे हॉटेल शोधण्याच्या कौशल्यापेक्षा तारखांवर ठरतं. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धा युरोप दक्षिणेकडच्या अल्गार्वेच्या किनाऱ्यावर उतरतो आणि खोल्यांचे भाव दुपटीच्या घरात जातात. आपल्याकडच्या शाळांची मे महिन्याची सुट्टी मात्र तिथल्या हंगामाच्या नेमकी अलीकडे पडते. ऊन स्वच्छ असतं, लिस्बनला दुपारी २२-२४ अंश आणि रात्री साडेआठपर्यंत उजेड. कमी पडतं ते एकच: अटलांटिक मेमध्ये चांगलाच गार असतो. पोहणं हाच मुख्य हेतू असेल तर सप्टेंबर धरावा. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी छत्री सोबत ठेवावी. जूनमध्ये १२-१३ तारखेला लिस्बनला सांतो अँतोनियू आणि २३-२४ तारखेला पोर्तोला सांव जुआंव हे उत्सव असतात. मजा भरपूर, पण त्या रात्रींची खोली खिशाला जड जाते.

हा मार्ग असा: पोर्तो ३ रात्री, लिस्बन ४, दक्षिण किनाऱ्यावरचं ताविरा २, परत लिस्बन १. सगळा प्रवास रेल्वेने, गाडी भाड्याने न घेता. दोघांत एक खोली धरून माणशी रोजचा हिशेब साधारण असा येतो: राहणं ४० युरो, खाणं २५, शहरातली ये-जा ७, प्रवेशतिकिटं सरासरी ८. दहा दिवसांचे ८००, वर लांबच्या गाड्यांचे ६०-७०. हिशेबाला युरो ११० रुपयांचा धरला तर माणशी ९५ हजारांच्या आसपास. विमान आणि व्हिसा वेगळे.

भारतातून थेट विमान नाही. जाताना पोर्तो आणि येताना लिस्बन असं एकाच बुकिंगमधलं तिकीट बघावं. परतीच्या गाडीचं भाडं आणि अर्धा दिवस दोन्ही वाचतात. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलात तर शेंगेनचं, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांचं, इमिग्रेशन तिथेच होतं. त्यामुळे तिथे दोन तासांपेक्षा कमी थांबा असलेलं तिकीट कितीही स्वस्त दिसलं तरी नको. बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी सीमानोंदणी ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाल्यापासून रांगा लांबल्या आहेत. इस्तंबूलमार्गे गेलात तर इमिग्रेशन पोर्तोला होतं आणि तो विमानतळ लिस्बनपेक्षा लहान आहे.

सर्वांत जास्त चुका व्हिसा आणि रेल्वे यांच्या क्रमात होतात. शेंगेनचा अर्ज प्रवासाआधी ६ महिन्यांपासून करता येतो. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर ३ महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा. पोर्तुगालच्या ४ आणि स्पेनच्या ६ रात्री दाखवून पोर्तुगालकडे अर्ज केला तर तो अडतो. निर्णय कायद्याने १५ दिवसांत अपेक्षित असला तरी तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि उन्हाळ्यात भेटीची तारीखच मिळत नाही. म्हणून अर्ज तीन-साडेतीन महिने आधी करा, सोबत फुकट रद्द होणारी हॉटेलं जोडा आणि रेल्वेची तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच काढा.

रेल्वेची तिकिटं वेळेवर काढण्यात खरी बचत आहे. तिथल्या सरकारी रेल्वेच्या, म्हणजे सीपीच्या, लांबच्या गाड्यांचं आरक्षण साधारण दोन महिने आधी उघडतं. आल्फा पेंदुलार आणि इंतेरसिदादेस या गाड्यांवर लवकर घेणाऱ्यांना ६५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते, पण अशा जागा मोजक्याच असतात. पोर्तो-लिस्बनचं जे तिकीट आयत्या वेळी तीस-पस्तीस युरोंना पडतं, तेच लवकर घेतलं तर पंधराच्या आसपास मिळू शकतं. मात्र सवलतीच्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणूनच व्हिसा आधी. आई-बाबा ६५ च्या पुढचे असतील तर त्यांना कधीही निम्मं भाडं आहे, पासपोर्ट दाखवला की झालं. ४ ते १२ वर्षांच्या मुलांनाही निम्मं. दुसरा धोका संपाचा. ‘ग्रेव्ह’ हा शब्द लक्षात ठेवा. प्रवासाच्या आठवड्यात सीपीच्या संकेतस्थळावर तो दिसला तर लगेच बसची जागा बघा. लिस्बनला बस सेत रियुश किंवा ओरियेन्त स्थानकातून सुटतात आणि भाडं बहुधा रेल्वेइतकं किंवा कमीच असतं.

पोर्तोला विमानतळावरून जांभळी मेट्रो अर्ध्या तासात शहराच्या मध्यातल्या त्रिन्दादला पोहोचवते. आंदांत कार्ड माणशी एक घ्यावं लागतं, दोघांत एक चालत नाही, आणि चढण्याआधी पिवळ्या यंत्राला ते टेकवावंच लागतं. न टेकवलेलं वैध कार्ड खिशात असलं तरी तपासनीस दंड करतो. निघताना लिस्बनची गाडी कांपान्या स्थानकातून सुटते, सांव बेन्तुहून नाही. दोन्हींमधली लोकल लांबच्या तिकिटावर चालते, वेगळे पैसे भरू नका. सांव बेन्तुच्या दालनातल्या सुमारे २०,००० निळ्या टाइल्स बघायला मात्र तिकीट लागत नाही. तसंच १८८६ चा दोंव लुईश पूल वरच्या मजल्यावरून संध्याकाळी चालत ओलांडा. पैसे भरून बघायच्या बऱ्याच जागांपेक्षा तो सरस आहे.

लिस्बनची खोली निवडताना पत्ता नीट वाचा. ‘आर/सी’ म्हणजे तळमजला, ‘३.º एश्क’ म्हणजे तिसरा मजला डावीकडे, ‘दतु’ म्हणजे उजवीकडे. आल्फामातल्या जुन्या घरांत लिफ्ट नसते आणि रस्तेच पायऱ्यांचे असतात. २३ किलोची बॅग घेऊन चौथ्या मजल्यावरची ‘सुंदर दृश्याची’ खोली स्वस्त का होती, ते पहिल्याच दिवशी गुडघ्यांना कळतं. मेट्रोच्या हिरव्या रेषेवर आंजुश किंवा आरोयोसच्या बाजूला बघा. विमानतळावरची लाल रेषा आलामेदाला हिरवीला मिळते, एकाच बदलात घर. पर्यटनकर भाड्यात बहुधा धरलेला नसतो: लिस्बनला माणशी रात्रीचे ४ युरो, पोर्तोला ३. फुटपाथ गुळगुळीत चुनखडीच्या तुकड्यांचे असतात, पाऊस पडला की शेवाळलेल्या पायरीसारखे. नव्या चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत.

नावेगांत कार्ड ५० सेंटला मिळतं. त्यात पैसे भरून ‘झॅपिंग’ने वापरलं की मेट्रो, ट्राम, सिंत्राची लोकल आणि नदीपारची फेरीबोट सगळं त्यावर चालतं. २८ नंबरची ट्राम दहानंतर गर्दीने आणि खिसेकापूंनी भरलेली असते. साडेसातच्या आत किंवा काम्पु द औरीकच्या टोकाहून चढा, नाहीतर १२ नंबरवर समाधान माना. बेलेंमला जेरोनिमुशच्या मठाचं तिकीट १८ युरोंच्या घरात आहे, पण लागून असलेलं चर्च फुकट आहे आणि वास्को द गामाची कबर त्या चर्चमध्येच आहे. मठ सोमवारी बंद असतो. सिंत्राला रोसियुहून ४० मिनिटं. पेना राजवाड्याच्या तिकिटावरची वेळ महालाच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे, आणि फाटकापासून दारापर्यंत चढाचा अर्धा तास जातो. ११ ची वेळ असेल तर सव्वादहाला फाटकात असा. उशीर झाला की आत घेत नाहीत. लिस्बनला कडक ऊन असलं तरी सिंत्रात धुकं असू शकतं, स्वेटर न्या.

खाण्यात पैसे गळतात ते रात्री. दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात दारावर कागद चिकटवलेला दिसेल: ‘प्रातु दु दिया’. ८ ते १२ युरोंत पोटभर ताट, काही ठिकाणी त्यातच सूप आणि कॉफीही. मुख्य जेवण तेव्हाच उरका, रात्री सुपरमार्केट. बसल्या बसल्या न मागता पाव, लोण्याच्या वड्या, ऑलिव्ह, कधी चीज टेबलावर येतं. हे ‘कुवेर’ आपल्याकडच्या कांदा-लिंबासारखं फुकट नसतं. एक ऑलिव्ह उचललं तरी वाटीचे पैसे लागतात. नको असेल तर लगेच परत करा. न मागितलेल्या आणि हात न लावलेल्या कुवेरचे पैसे घ्यायला तिथला कायदा परवानगी देत नाही. बिलात आलंच तर ‘लिव्रु द रेक्लामासोयश’, म्हणजे तक्रारवही मागा. ती ठेवणं सक्तीचं आहे आणि बहुतेक वेळा मागितल्यावरच बिल सुधारतं.

शाकाहाऱ्यांनी ‘सें कार्न, सें पैश’ (मांस नको, मासे नको) असं दोन्ही म्हणावं, कारण नुसत्या ‘कार्न नको’वर मासा येतो. काल्दु वेर्द या पालेभाजीच्या सुपात सॉसेजची चकती असते; ‘सें शोरीसु’ म्हणून ती टळते, पण रस्सा मांसाचा असू शकतो. पाश्तेल द नाता अंड्याच्या बलकाचंच असतं. लिस्बनच्या राधाकृष्ण मंदिराच्या कॅन्टीनमध्ये शाकाहारी जेवण मिळतं, वेळा आधी बघून जा. डाळ-तांदूळ-आटा मार्तीं मोनीशच्या मागच्या गल्ल्यांतल्या दुकानांत. बाकी बाजारात मराठी माणूस फारसा अडत नाही. बटाटा ‘बताता’, अननस ‘अनानाश’, कोबी ‘कोव्ह’, साबण ‘साबांव’, चावी ‘शाव्ह’, आणि पैसे चुकते करणं म्हणजे ‘पागार’. हे शब्द बहुतेक तिकडूनच आपल्याकडे आलेले.

रोख काढताना ‘मुल्तिबांकु’ लिहिलेलं बँकेचंच यंत्र वापरा. एका वेळी २०० युरो निघतात. रुपयांत की युरोत असा प्रश्न पडद्यावर आला की नेहमी युरो. रुपये निवडले की भाव यंत्रवाला ठरवतो. काही छोट्या खानावळी फक्त स्थानिक कार्ड घेतात, पन्नासेक युरो जवळ असू द्या.

दक्षिणेला लागुशपेक्षा ताविरा शांत आणि स्वस्त. लिस्बनहून फारूपर्यंत तीन तास, पुढे स्थानिक गाडी; ताविराच्या धक्क्यावरून फेरीबोटीने बेटावरच्या लांब वाळूवर जाता येतं. समुद्रकाठचे प्रसिद्ध कडे बघायचेच असतील तर एक दिवस पश्चिमेला काढा, पण बेनागीलच्या गुहेत पोहत जाणं आणि आत वाळूवर उतरणं २०२४ पासून बंद आहे. तसं आश्वासन देणाऱ्या बोटवाल्याला पैसे देऊ नका. कड्याखाली सावली शोधून चादर पसरू नये. २००९ च्या ऑगस्टमध्ये आल्बुफेराजवळ मारिया लुईझा किनाऱ्यावर कडा कोसळून पाच जण गेले होते. इशाऱ्याच्या पाट्या असतातच. कड्याच्या उंचीच्या दीडपट अंतरावर बसलेलं बरं.

शेवटची रात्र लिस्बनला ठेवण्याचं कारण तो संपच. ताविराहून त्याच दिवशी गाडी पकडून संध्याकाळचं विमान गाठायचा बेत दहात नऊ वेळा जमतो, पण दहाव्या वेळी नवं विमानतिकीट काढावं लागतं.