पारियांगानमध्ये चार रात्री, आणि जमीन कुणाच्या नावावर

इंडोनेशियातल्या सुमात्राला जाऊन आलो म्हटलं की लोक पहिलं विचारतात, वाघ दिसला का, ओरांगउटान दिसला का. नाही हो. आम्ही दोघं, म्हणजे मी आणि नवरा, पश्चिम सुमात्रात मारापी ज्वालामुखीच्या उतारावर पारियांगान म्हणून छोटं गाव आहे तिथे चार रात्री राहिलो आणि त्यातला अर्धा वेळ मी हे शेत कुणाचं, हे घर कुणाचं हेच विचारत बसले. डोक्यात तेच होतं, कारण जायच्या दोनच महिने आधी आईने मामांना हक्कसोडपत्र करून दिलं, सही केली, अंगठा लावला, बाहेर येऊन सगळ्यांनी उसाचा रस प्यायला आणि विषय संपला. तिथल्या मिनांगकाबाऊ लोकांमध्ये जमीन आईकडून मुलीकडे जाते हे ऐकून होते, म्हटलं बघूया तरी.

आधी पोचायचं कसं ते. मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून पाडांग, दुसरी फ्लाइट जेमतेम तासाभराची. आपल्या पासपोर्टवर व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, पाच लाख रुपया (त्यांचे, घाबरू नका), ३० दिवसांचा. परतीचं तिकीट प्रिंट काढून ठेवा. घड्याळ दीड तास पुढे करा. विमानतळावरून बातुसांकारला, म्हणजे पारियांगानजवळच्या शहराला, शेअर गाडी मिळते, तिला तिथे 'ट्रॅव्हल'च म्हणतात, दारातून घेते आणि दारात सोडते. वाटेतला आनाई खोऱ्यातला रस्ता मे २०२४ च्या पुरात वाहून गेला होता, मारापीवर साचलेली राख आणि दगडधोंडे पावसाबरोबर खाली आले होते, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी रस्ता चालू आहे का ते ड्रायव्हरलाच विचारा, वळसा पडला तर अख्खा दिवस जातो. आणि शिखर चढायच्या फंदात पडू नका. डिसेंबर २०२३ च्या स्फोटात वर गेलेले २४ जण मेले. जावातला मेरापी वेगळा, हा मारापी, बुकिंग करताना लोक गोंधळतात.

गाव उतारावरून खाली घरंगळत आल्यासारखं आहे. मधोमध जुनी मशीद, तिला घुमट नाही, एकावर एक छपरं, आणि शेजारी गरम पाण्याचे झरे, बायकांचं न्हाणीघर वेगळं, पुरुषांचं वेगळं. सकाळी सहाला अख्खं गाव तिथे. सोबत सारोंग (लुंगीसारखं गुंडाळायचं कापड) किंवा मोठा पंचा न्या, मी टॉवेल घेऊन गेले आणि सगळ्या बायका हसायला लागल्या. मिनांगकाबाऊ लोक पहिल्यांदा याच गावात वसले असं ते मानतात.

आता मुद्द्यावर. मोठं लाकडी घर, म्हशीच्या शिंगांसारखं वर वळलेलं छप्पर, त्याला रुमाह गादांग म्हणतात. ते आजीकडून आईकडे, आईकडून लेकींकडे. मागच्या बाजूला ओळीने खोल्या, प्रत्येक लग्न झालेल्या लेकीला एक. रीत अशी की नवी लग्न झालेली टोकाच्या खोलीत, पुढची बहीण लग्न करून उभी राहिली की आधीची एक खोली सरकते. मुलग्यांना खोलीच नाही. पूर्वी मोठी झालेली पोरं रात्री सुराऊमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या घरात, झोपायला जायची. आणि जावई? त्याच्यासाठी म्हण आहे, जळक्या खोडावरची राख. फुंकर मारली की उडाली. नवऱ्याला हे भाषांतर करून सांगितलं तर तो पुढचे दोन दिवस प्रत्येक गोष्टीत 'मी काय, राख' म्हणत होता.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या इबू (तिथे मोठ्या बाईला आदराने असंच म्हणतात) स्वतः शेजारच्या सिमेंटच्या घरात राहतात, बरेच जण आता तसंच करतात, जुनं घर लग्नाला आणि मयताला उघडतं. रविवारी सकाळी त्यांचा भाऊ आला. स्कूटर लावली, न विचारता आत जाऊन बसला, भात कापणीचं काय ठरलं विचारलं, भाच्याच्या कॉलेजची फी विचारली. त्याला म्हणतात मामाक. ऐकून मी उडालेच, शब्दही मामा आणि नातंही मामा! जमीन बहिणींची, पण कारभार, भांडणं, सोयरिकी हे सगळं मामाकडे. मी त्याला विचारलं तुमचं घर कुठलं. तो म्हणाला, झोपतो बायकोच्या घरी, घर हे. इबू आतून काहीतरी ओरडल्या, बहुतेक जेवतोस पण इथेच असं, कारण दोघंही हसले.

ही वडिलोपार्जित, खरं तर मातोपार्जित म्हणायला हवं, जमीन विकायची नाही. गहाण ठेवता येते, तीही ठरलेल्या चारच कारणांना: घरात मयत झालं आणि खर्चाला पैसे नाहीत, मोठ्या झालेल्या मुलीचं लग्न राहिलंय, घराचं छप्पर गळतंय, किंवा घराण्याचा मान-किताब पुन्हा उभा करायचाय. गहाण म्हणजे आपलं ताबेगहाण, ज्याने पैसे दिले तो भात पिकवणार आणि खाणार, मुद्दल परत मिळेपर्यंत, आणि मुद्दल मोजतात सोन्यात. चाळीस वर्षांपूर्वी आजीने घेतलेलं सोनं आजच्या भावाने फेडायचं म्हणजे विचार करा. १९६० च्या सरकारी कायद्याप्रमाणे सात वर्षं झाली की शेत फुकट परत द्यायला पाहिजे, पण गावात कुणी तसं मागायला गेला तर नाक कापलं जाईल असं इबूंचं म्हणणं.

मग मुसलमान असून वारसा असा कसा, हे मी विचारलंच. नवऱ्याने स्वतः कमावलेलं, ते शरियतप्रमाणे वाटतात, मुलग्यांना मुलींच्या दुप्पट. पिढ्यांपासून आलेलं मात्र आईकडूनच. दोन खाती वेगळी.

पण हे वाचून लगेच बायकांचं राज्य वगैरे म्हणू नका, मीही पहिल्या रात्री तसंच स्टेटस टाकलं आणि तिसऱ्या दिवशी डिलीट केलं. जमिनीचा सरकारी दाखला काढायचा तर आधी वंशावळ लागते, तिला रांजी म्हणतात, त्यावर कुळातल्या सगळ्यांच्या आणि मुखियांच्या सह्या. निम्मं कुळ जकार्तात नाहीतर मलेशियात, कारण मुलग्यांनी बाहेर पडून नशीब काढायचं ही इथली जुनी चाल. एक मावसबहीण सही देत नाही म्हणून इबूंच्या शेतालगतचा तुकडा कित्येक वर्षं तसाच पडलाय, गवत डोक्याएवढं. हे ऐकताना मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आणि खाली किनाऱ्यावर पारियामानला तर मुलीकडचे नवरा आणायला पैसे मोजतात, म्हणजे जमीन मुलीची आणि हुंडाही मुलीचाच!

शनिवारी जमलं तर पाचू जावी, म्हणजे बैलांची शर्यत, बघाच, चिखलाच्या शेतात बैलांची जोडी आणि मागे फळीवर उभा राहून शेपूट दातात धरणारा माणूस. चार तालुक्यांत आळीपाळीने होते, त्यामुळे या आठवड्यात कुठे आहे ते दोघातिघांना विचारून पक्कं करा, आम्ही आधी चुकीच्या गावात दीड तास उभे होतो. समोर उभं राहू नका, बैल सरळ जात नाहीत, माझा फोन अजून चिखलाचा वास मारतो. आणि गुरांच्या बाजारात तर हात रुमालाखाली किंवा सारोंगखाली धरून बोटांनी सौदा, तोंडातून चकार शब्द नाही. आजोबा असंच करायचे, फक्त उपरण्याखाली.

खाण्याचं: शाकाहाऱ्यांनी फणसाचा रस्सा, कसाव्याचा पाला, वांगी, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) यावर भागवावं, पण रश्श्यात मटणाचं पाणी आणि मिरचीत सुकट असू शकते, विचारा. हॉटेलात न मागता पंधरा बशा मांडतात, हात लावलेल्याचेच पैसे. दादिया म्हणजे बांबूत लावलेलं म्हशीचं दही, आंबट, मला आवडलं. कावा म्हणजे कॉफीच्या पानांचा काढा, नारळाच्या करवंटीत देतात.

गावात कार्ड चालत नाही, रोख बातुसांकारलाच काढा. रात्री गारठा असतो, पातळ स्वेटर हवा. कपडे अंगभर, मशिदीपाशी डोक्यावर ओढणी. परतीची ट्रॅव्हल आदल्या संध्याकाळी सांगून ठेवायची आणि दिलेल्या वेळेच्या तासभर आधीच तयार राहायचं, आमची पावणेपाचला आली, इबू अंधारात कावाच्या पानांची जुडी वर्तमानपत्रात बांधत होत्या आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.