प्राण्यांच्या इंग्रजी नावांतले कॅपिटल: माझा अनुभव

एका इंग्रजी पुस्तकाचं एडिटिंग केलं, पक्षी, साप, मासे, सस्तन प्राणी सगळेच होते त्यात, आणि सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते कॅपिटल अक्षरांनी. शास्त्रीय नावांना त्रास नाही, जीनसचं, म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दाचं, पहिलं अक्षर कॅपिटल, स्पीशीजचं, म्हणजे दुसऱ्या शब्दाचं, कायम स्मॉल, अगदी माणसाच्या नावावरून ठेवलेलं असलं तरी. घोळ सगळा कॉमन नेममधे, म्हणजे रोजच्या इंग्रजी नावांत.

शिकागो मॅन्युअल, म्हणजे इंग्रजी संपादकांचं नियमांचं पुस्तक, बघितलं तर तिथे फक्त विशेषनाम कॅपिटल, म्हणजे बेंगाल टायगरमधला बी मोठा आणि टी लहान. पण लेखक पक्षीवाले, ते ऐकेनात, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. यलो वॉर्बलर (वॉर्बलर म्हणजे एक छोटा पक्षी) स्मॉलमधे लिहा, वाचणाऱ्याला कुठलाही पिवळा वॉर्बलर वाटेल, आणि पिवळ्या वॉर्बलरच्या जाती तर कितीतरी आहेत. लिटल गलचं (गल म्हणजे समुद्रपक्षी) पण तेच, लहानसा गल की ती ठरावीक जात? वाक्याच्या मधे नाव आलं की कॅपिटलच सांगतं. आयओसीची (इंटरनॅशनल ऑर्निथॉलॉजिकल काँग्रेस) जगातल्या पक्ष्यांची यादी कॅपिटलच वापरते, पण विकिपीडियाने २०१४ मधे भरपूर वादावादीनंतर पक्षीसुद्धा स्मॉल केले. आणि अमेरिकन फिशरीज सोसायटी माशांच्या नावांच्या २०१३ च्या यादीत उलट कॅपिटलकडे वळली!

आधी ठरवलं पक्षी-मासे कॅपिटल, बाकी स्मॉल. पण ससाणा उंदीर पकडतो अशा वाक्यात एक नाव मोठं आणि एक लहान, ते डोळ्याला फारच खटकायला लागलं. लोक हे पुस्तक जाती ओळखायलाच उघडणार ना, मग जातीचं पूर्ण नाव असेल तिथे सगळीकडे कॅपिटल आणि नुसतं गल, हॉक, स्नेक असेल तिथे स्मॉल, असं स्टाइल शीटमधे, म्हणजे या पुस्तकाच्या लेखननियमांच्या यादीत, लिहिलं आणि प्रकाशकाकडून मंजूर करून घेतलं. हे काम फाइंड-रिप्लेसवर सोडू नका, प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचूनच कळतं की जात म्हणायची आहे की नुसतं वर्णन आहे. हायफनकडेही लक्ष द्या, रेड-टेल्ड हॉकमधे आर आणि एच मोठे पण हायफननंतरचा टी लहान.

इंडेक्स शेवटी केला, तिथे गल आधी आणि लिटल नंतर, दोन्ही कॅपिटल. शीट प्रकाशकाने पुढच्या आवृत्तीसाठी ठेवून घेतली.