खारी विरुद्ध मी: शरदातली लागवड, वर्ष दुसरं

आधी मागच्या वर्षीचा हिशेब. न्यू जर्सीतली आमची बाग म्हणजे तांबडी चिकणमाती, दोन ओक आणि त्यांच्यावरच्या खारी. ट्युलिपचे 50 कंद पुरले, वर आले 9. त्यातल्या 6 कळ्या एप्रिलमध्ये हरणांनी फस्त केल्या. म्हणून यंदा 60 डॅफोडिल, 40 क्रोकस, 10 हायसिंथ, आणि ट्युलिप फक्त 20.

11 ऑक्टोबर. डॅफोडिल आधी. त्यांच्या कंदात लायकोरिन हे विष असतं, खारी-हरणं वाटेला जात नाहीत. खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे साधारण 6 इंच. तिसऱ्याच खड्ड्याला बल्ब-प्लांटरमध्ये (कंदासाठी खड्डा पाडायचं नळीसारखं हत्यार) माती अशी घट्ट बसली की काढता निघेना; शेवटी पहार घेतली. पाणी साचलं की कंद कुजतो, म्हणून वाफा कंपोस्ट घालून उंच केलाय.

12 ऑक्टोबर. हायसिंथ हातमोजे न घालता लावले. शहाणपणा नडला! अर्ध्या तासात मनगटापर्यंत खाज. सासूबाई आल्यात सध्या, त्या दारातूनच म्हणाल्या, "अगं, सुरण चिरलास की काय? चिंच चोळ." गंमत म्हणजे कारण तेच: कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. चिंचेने आराम पडला. क्रोकस लॉनमध्ये 3 इंचांवर टाकले, सगळे टॉमॅसिनिॲनस या जातीचे, आपले 'टॉमी'. खारी म्हणे यांना सहसा सोडून देतात.

15 नोव्हेंबर. ट्युलिप मुद्दाम उशिरा. माती गार पडली की ट्युलिप फायर या बुरशीचा धोका कमी होतो. जात 'क्वीन ऑफ नाइट', पिकल्या जांभळासारखी काळपट. मागच्या वर्षी खड्ड्यात हाडांची भुकटी घातली होती, म्हणजे वासाने पाहुण्यांना आमंत्रणच. यंदा काही नाही. शिवाय कंदाचं ते तपकिरी, कांद्यासारखं पापुद्र्याचं साल मातीवर पडलेलं दिसलं की खारींना पत्ता कळतो. गुडघ्यावर बसून एकेक पापुद्रा वेचला. वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, कडा दगडांनी दाबलेल्या, त्यावर पालापाचोळा.

पुण्याच्या मैत्रिणी दरवर्षी विचारतात, तिकडे ट्युलिप येईल का, म्हणून लिहून ठेवते: ट्युलिपला 12 ते 16 आठवडे थंडी लागते. तिकडे फ्रिजशिवाय इलाज नाही, आणि त्या कप्प्यात सफरचंद ठेवायचं नाही. पिकताना त्यातून इथिलीन सुटतं, आतली कळी आतच मरते. एवढं करून फूल एकदाच. मी असते तर निशिगंध लावला असता.

16 नोव्हेंबर, सकाळ. जाळीचा एक कोपरा उचकटलेला, खाली दोन इंचांचा खड्डा. ट्युलिप वीसच्या वीस जागेवर. मागच्या पायरीवर मात्र एक कंद अर्धा कुरतडून टाकलेला. टॉमी.