काय बदलायचे आणि काय जसेच्या तसे ठेवायचे

विशेष शिक्षणात अभ्यासक्रम तयार करण्याचे काम करते असे सांगितले, की ऐकणाऱ्याची बहुधा अशी समजूत होते की मी पाठ्यपुस्तकातले धडे सोपे करून देते. सोपे करणे हा या कामाचा अगदी लहान भाग आहे आणि खरे सांगायचे तर सर्वांत जोखमीचाही तोच आहे. वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, पालक आणि शक्य असेल तेव्हा स्वतः विद्यार्थी यांच्याशी बोलून एखाद्या घटकाचे मूळ उद्दिष्ट कोणते, त्या वाटेत या मुलाला नेमका कशाचा अडथळा होतो आणि तो दूर करताना उद्दिष्टालाच धक्का लागतो आहे का, हे ठरवण्यात माझा बहुतेक वेळ जातो.

गणितातले एक साधे शाब्दिक उदाहरण घेऊ. ‘संजयकडे असलेल्या वह्या मीनाकडे असलेल्या वह्यांपेक्षा सातने कमी असून दोघांकडे मिळून एकूण एकतीस वह्या असल्यास मीनाकडे असलेल्या वह्यांची संख्या काढा.’ वाचन-अक्षमता असलेले मूल या वाक्याच्या मध्यावर येईपर्यंत सुरुवात विसरलेले असते. जन्मतः कर्णबधिर असलेल्या आणि सांकेतिक भाषेतून विचार करणाऱ्या मुलाला ‘असून’ आणि ‘असल्यास’ यांनी जोडलेली ही रचना गणितापेक्षा अवघड जाऊ शकते. येथे मी वाक्य तोडते: ‘मीना आणि संजय यांच्याकडे मिळून ३१ वह्या आहेत. संजयकडे मीनापेक्षा ७ वह्या कमी आहेत. मीनाकडे किती वह्या आहेत?’ बेरीज आणि फरक एवढेच माहीत असताना दोन संख्या शोधणे हे आव्हान जसेच्या तसे राहिले, गेला तो भाषेचा गुंता. पण घाईत असलेला एखादा शिक्षक हेच उदाहरण असे करून देतो: ‘मीनाकडे १९ वह्या आहेत. संजयकडे ७ कमी आहेत. संजयकडे किती?’ कागदावर दोन्ही रूपे सारखीच सुटसुटीत दिसतात, मात्र दुसऱ्या रूपात केवळ वजाबाकी उरली आहे. मुलाने ती बरोबर केली, तर त्याला दोन अज्ञात संख्या शोधता येतात असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार कोणालाही राहत नाही.

पहिल्या प्रकाराला आम्ही समायोजन म्हणतो. जादा वेळ, लेखनिक, मोठ्या अक्षरांतील मजकूर, प्रश्न वाचून दाखवणे, ब्रेलमधील प्रश्नपत्रिका हे सारे त्यातच येते. दुसऱ्या प्रकारात शिकण्याची अपेक्षाच बदलते. अपेक्षा बदलणे गैर नाही. अनेक मुलांसाठी ते आवश्यक असते आणि ते विचारपूर्वक करता येते. मात्र तो निर्णय उघडपणे घेतला गेला पाहिजे, वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, म्हणजे त्या एका मुलासाठी आखलेल्या लेखी योजनेत, लिहिला गेला पाहिजे आणि पालकांना त्याचा पुढचा अर्थ समजला पाहिजे. सोय म्हणून आशय थोडा कमी करायचा, पुढच्या वर्षी आणखी थोडा, आणि प्रगतिपुस्तकात मात्र चांगले शेरे पडत राहायचे, असे झाले की मूल वरच्या वर्गात पोहोचल्यावर त्याच्या वयाचा अभ्यासक्रम आणि ते प्रत्यक्षात शिकलेला अभ्यासक्रम यांत इतके अंतर पडलेले असते की ज्या परीक्षा आणि जे पुढचे शिक्षण त्याला खुले असल्याचे सर्वांनी गृहीत धरलेले होते, ते हातातून निसटते. तोवर कोणत्या वर्षी कोणी काय गाळले, हे सांगणारा कागद बहुधा सापडत नाही.

विशेष शिक्षणाच्या अभ्यासक ॲन डॉनेलन यांनी १९८४ साली मांडलेले एक तत्त्व अशा वेळी माझ्या उपयोगी पडते. पुरेसा पुरावा हाती नसेल, तर जे गृहीतक चुकीचे ठरले तरी विद्यार्थ्याचे कमीत कमी नुकसान होईल, तेच धरून निर्णय घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. न बोलणाऱ्या मुलाला समजते असे मानून त्याला वयानुरूप विज्ञान शिकवले आणि ते समजले नाही, तर काही तासिका कमी फलदायी गेल्या. समजत नाही असे मानून शिकवलेच नाही आणि त्याला समजत होते असे पुढे निघाले, तर ती वर्षे परत मिळत नाहीत. बैठकीत हा हिशेब कोणी तरी मोठ्याने मांडावा लागतो आणि तो मांडणारी व्यक्ती नेहमीच लोकप्रिय असते असे नाही.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आकृत्या तयार करताना हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. फुलाच्या उभ्या छेदाची आकृती डोळ्यांना एका दृष्टिक्षेपात दिसते, तर बोट ती भाग जोडत जोडत वाचते. ब्रेलच्या एका अक्षरातील शेजारच्या दोन टिंबांमधले अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते आणि जागा वाचवण्यासाठी छापील अक्षराप्रमाणे ते अक्षर लहान करता येत नाही. त्यामुळे छापील आकृती जशीच्या तशी उठावदार केली, तर रेषा, नावे आणि बाण एकमेकांत मिसळून बोटाखाली केवळ खडबडीत पृष्ठभाग येतो. मग पाकळ्यांच्या छटा आणि सजावटीच्या रेषा काढून टाकायच्या, नावांऐवजी एक-दोन अक्षरांच्या खुणा देऊन त्यांची सूची वेगळ्या पानावर लिहायची, आणि तरीही गर्दी होत असेल तर पुंकेसर एका पानावर व स्त्रीकेसर दुसऱ्या पानावर घ्यायचा. यातला प्रत्येक निर्णय घेताना विचारावे लागते की या आकृतीतून मुलाने काय शिकायचे आहे. भागांची परस्परसापेक्ष जागा शिकायची असेल, तर दोन पानांआधी संपूर्ण रचनेचे एक ढोबळ पान द्यावेच लागते.

सर्वांसाठी सुलभ अध्ययनरचनेचा सध्या बराच बोलबाला आहे. रोनाल्ड मेस या वास्तुरचनाकारांनी इमारतींसाठी मांडलेला सार्वत्रिक रचनेचा विचार अभ्यासक्रमात आणण्याचे श्रेय डेव्हिड रोझ, ॲन मेयर आणि १९८४ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘कास्ट’ या संस्थेला जाते. आशय अनेक मार्गांनी पोहोचवावा, शिकलेले अनेक मार्गांनी व्यक्त करू द्यावे आणि मुलांना गुंतवून ठेवण्याचेही अनेक मार्ग असावेत, हे त्याचे सार. मला तो विचार पटतो, कारण घटक आखतानाच हे पर्याय योजले तर नंतरचे ठिगळकाम पुष्कळ कमी होते. मात्र या रचनेचा तक्ता भिंतीवर लावला की वैयक्तिक आराखड्याची गरज उरत नाही, असे कोणी म्हणू लागले की मी सावध होते.

तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत वादाचा मुद्दा वेगळा असतो. मानसिक वय चार वर्षे आहे म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीपुढे बालवाडीची रंगीत चित्रे ठेवायची, या पद्धतीला विशेष शिक्षणाचे अभ्यासक लू ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ सालीच आव्हान दिले. प्रौढपणी ज्या ठिकाणी राहायचे, काम करायचे आणि वावरायचे आहे, तिथे लागणाऱ्या गोष्टी शिकवाव्यात असा त्यांचा आग्रह होता. आमच्या दैनंदिन कामात हा विचार कार्यविश्लेषणातून, म्हणजे एखाद्या कामाच्या लहान लहान पायऱ्या पाडण्यातून, उतरतो. शर्ट घालणे हे एकच काम भासते, पण त्याच्या पायऱ्या पाडायला बसले की समोरची बाजू ओळखणे, बाही शोधणे, कडा जुळवणे असे बरेच काही निघते. पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवली जाते: बाकीच्या पायऱ्यांत मदत करायची आणि शेवटचे बटण मुलीने स्वतः लावायचे, म्हणजे काम पूर्ण केल्याचे समाधान तिला पहिल्याच दिवशी मिळते. मात्र जीवनकौशल्यांच्या नावाखाली गोष्टी, कविता आणि इतिहास तिच्या वेळापत्रकातून पूर्णपणे हद्दपार करणे मला मान्य नाही.

मी तयार करते त्या प्रत्येक घटकनियोजनात ‘काय बदलले नाही’ असा एक रकाना असतो. सुविधांची यादी सर्वच जण लिहितात, या रकान्यात मात्र मूळ उद्दिष्ट एका वाक्यात आणि ते साध्य झाल्याचा पुरावा कोणता हे लिहायचे असते. ‘आकलन सुधारेल’ असे तिथे चालत नाही. ‘प्रश्न वाचून दाखवल्यावर बेरीज आणि फरक दिलेल्या पाचपैकी चार उदाहरणांत दोन्ही संख्या स्वतः काढेल’ असे चालते. रकाना भरायला वेळ लागतो, अशी शिक्षकांची तक्रार असते आणि ती खरी आहे. म्हणून नव्या आराखड्यातून मी अध्यापन साहित्याचा आणि संदर्भांचा असे दोन रकाने काढून टाकले आहेत, हा तेवढा ठेवला आहे.