पाकिटावर नाव नको, आत मात्र हवंच

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाखा ज्यात येतात, अशा एका सरकारी बँकेच्या दक्षता कक्षाचं काम मी सांभाळलं. आतल्या गैरव्यवहाराची माहिती देणाऱ्या माणसाची तक्रार तपासायची आणि त्या माणसाला झळ लागू द्यायची नाही, अशी ही दुहेरी जबाबदारी. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

तक्रारदाराचं नाव कुणी उघड उघड सांगितलं, असं क्वचितच होतं. ते फुटतं हस्ताक्षरावरून, झेरॉक्सवर उमटलेल्या पंचिंगच्या भोकांवरून, नाहीतर चौकशी अधिकाऱ्याने शाखेत गेल्या गेल्या मागितलेल्या पहिल्या फाइलवरून. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले इंजिनिअर. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल त्यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र मात्र नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. साताऱ्याहून कराडकडे जाणारा आपला हायवे त्याच सुवर्ण चतुष्कोनाचा भाग आहे. पुढे एप्रिल २००४ मध्ये केंद्राने ठराव काढून अशा तक्रारी घेण्याचं काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवलं. त्यालाच आम्ही पीआयडीपीआय (पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर अँड प्रोटेक्शन ऑफ इन्फॉर्मर्स) म्हणतो. २०१४ चा जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सही झाली, पण तो लागू झालेला नाही. त्यामुळे काम चालतं ते या ठरावावरच.

ठरावाची हद्द आधी पाहा. केंद्र सरकारची खाती, केंद्राच्या कंपन्या, सरकारी बँका, विमा, रेल्वे, पोस्ट एवढंच त्यात येतं. तलाठी, पंचायत समिती, जिल्हा परिषद, महावितरण यांच्याबद्दलचं पत्र आयोगाला पाठवून उपयोग नाही. तिथे लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर, आणि कारभाराची तक्रार असेल तर लोकायुक्त. साखर कारखाना किंवा पतसंस्था असेल तर सहकार खातं. सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी लागते. चुकीच्या दारात गेलेलं पत्र 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुढे पाठवलं जातं आणि प्रत्येक टप्प्यावर आणखी दोन-चार जण ते वाचतात. तक्रारदाराचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

आता पत्र. बंद पाकिटात घालून आयोगाच्या सचिवांच्या नावे, सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली ११००२३ या पत्त्यावर पाठवायचं. पाकिटावर ठळक 'पीआयडीपीआय' लिहायचं. पाठवणाऱ्याचं नाव बाहेर कुठेही नको. आत मात्र नाव-पत्ता हवाच, कारण निनावी पत्र या ठरावाखाली घेतच नाहीत. नाव पत्राच्या सुरुवातीला, शेवटी किंवा वेगळ्या कागदावर असावं, मजकुराच्या मधे नको. मधे आलं की काढून टाकताना वाक्यंच तुटतात. 'मी दोन वर्षं कर्ज विभागात होतो त्यामुळे मला माहीत आहे' अशी वाक्यंही नकोत, ती नावाइतकीच बोलकी असतात. ई-मेल चालत नाही. स्पीड पोस्ट करताना काउंटरवर पाठवणाऱ्याचा पत्ता विचारतील. या पाकिटांसाठी तो मागू नये अशा पोस्ट खात्याच्या सूचना आहेत, त्या शांतपणे सांगाव्यात.

पोच येत नाही. येतं ते आयोगाचं पत्र: ही तक्रार तुम्हीच केली आहे का, आणि हीच तक्रार आणखी कुणाकडे केली आहे का. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यायचं. बरीच चांगली प्रकरणं इथे गारद होतात. कुणी ऑफिसचा पत्ता दिलेला असतो, कुणी गावाकडच्या घराचा, आणि पत्र शेजारच्या दुकानात पडून राहतं. जिथे आपण स्वतः टपाल घेतो तोच पत्ता द्या. दुसरी चूक म्हणजे 'प्रत माहितीसाठी' म्हणून जिल्हाधिकारी, आमदार आणि दोन वर्तमानपत्रांना तेच पत्र पाठवणं. नाव जिथे तुम्हीच जाहीर केलं, तिथे ते लपवायला आयोगाकडे काही उरत नाही.

टायपिंगबद्दल एक सांगतो. कोर्टासमोरच्या डीटीपीच्या दुकानात पत्र टाइप करून घेतलं की फाइल त्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर राहते, आणि पुढचं गिऱ्हाईक तुमच्याच ऑफिसातलं असू शकतं. हाताने, स्वच्छ, दोन पानांत लिहिलेलं पुरतं. 'साहेब पैसे खातात' यावर काही तपासता येत नाही. खाते क्रमांक, तारीख, रक्कम, आणि कागद कोणत्या रजिस्टरात सापडेल, एवढं लिहा. मूळ कागद उचलून आणू नका. तो चोरीचा आरोप होतो, आणि शिवाय आम्हाला तो जागेवरच सापडायला हवा असतो.

ऑफिसच्या आत पहिली गळती आवक टेबलावर होते. सकाळची सगळी डाक एकदम फोडून प्रत्येक कागदावर शिक्का मारायची सवय असते. त्यामुळे कोणती पाकिटं फोडायची नाहीत याचा लेखी आदेश मी आवक टेबलाच्या काचेखालीच ठेवायला लावला. शिक्का पाकिटावर बाहेरून, नोंद फक्त 'बंद पाकीट' एवढीच. आयोगाकडून आमच्याकडे येणारी तक्रार नाव काढूनच येते, पण कुणी थेट आमच्याकडे पाठवली तर मूळ कागद कपाटात, किल्ली माझ्याकडे, आणि फाइलवर फक्त सांकेतिक नंबर. तपास अधिकाऱ्याला मूळ पत्राची झेरॉक्स कधीच द्यायची नाही. मजकूर स्वतः नव्याने टाइप करायचा, आणि टाइप करताना बोलीही पुसायची. जत-आटपाडीकडचा माणूस आणि वाई-पाचगणीकडचा माणूस दोन ओळींत ओळखू येतो.

जोडलेल्या कागदांचं आणखी नाजूक. समजा तासगाव भागात कोल्ड स्टोरेजमधल्या बेदाण्याच्या पावतीवर कर्ज दिलंय आणि तीच पावती दुसऱ्या बँकेतही तारण आहे, अशी तक्रार आहे. सोबतच्या झेरॉक्सवर कोपऱ्यात पेन्सिलने पान नंबर आहे. हा नंबर फक्त शाखेच्या प्रतीवर असतो, विभागीय कार्यालयात गेलेल्या प्रतीवर नसतो. म्हणजे ती झेरॉक्स दाखवली की संशय शाखेतल्या चार माणसांवर आला. म्हणून जोडपत्र बाजूला ठेवायचं आणि तीच पावती अधिकृतपणे नव्याने मागवायची. तीही एकटी नाही. तीन शाखांमधली बेदाणा तारणाची पंचवीस-तीस खाती प्रतिबंधक तपासणी म्हणून मागवायची, आपलं खातं त्यात मधे कुठेतरी. मग पावतीचा लॉट नंबर स्टोरेजच्या रजिस्टरशी, भाड्याच्या बिलाशी आणि विम्याशी ताडून बघायचा. वेळ तिप्पट लागतो. तपासाच्या अहवालाला साधारण बारा आठवडे असतात, त्यामुळे हे काम पहिल्या आठवड्यातच सुरू करावं लागतं.

जबाब घेतानाही तेच. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, तेवढाच वेळ. ज्याच्याकडून माहिती आधीच आली आहे त्याला पाच मिनिटांत सोडलं, तर बाहेर बसलेले घड्याळ बघूनच ओळखतात.

एवढं करूनही सूड उगवला जातो. अचानक बदली होते, कारणे दाखवा नोटीस येते, वर्षभराच्या कामाच्या गोपनीय अहवालातला शेरा खाली येतो. अशा वेळी पुन्हा आयोगाकडेच अर्ज करायचा, पण तक्रार आणि त्रास यांचा संबंध तारखांनी दाखवून. बदलीचा आदेश, त्याच दिवशी आणखी कुणाच्या बदल्या झाल्या त्याची यादी, आधीच्या तीन वर्षांचे गोपनीय अहवाल जोडा. या अहवालाविरुद्धचं म्हणणं मांडायला केंद्रीय कर्मचाऱ्यांना १५ दिवसच मिळतात, ते हातचे घालवू नका. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २००५ चा बदल्यांचा कायदा आहे: मुदतीआधी बदली करायची तर लेखी कारणं आणि वरिष्ठांची पूर्वमान्यता लागते. ती नसेल तर मुंबईत मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाता येतं.

जिवाला धोका असेल तर थांबू नका, पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्या. गुन्हा नोंद झाला असेल आणि त्याला सात वर्षं किंवा जास्त शिक्षा असेल, तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना लागू होते. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज, पोलिसांचा धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत, आणि संरक्षण एका वेळी तीन महिने. गुन्हाच नोंद नसेल तर ही योजना मिळत नाही, म्हणून धमकी आली त्याच दिवशी तक्रार द्यावी.

चार्ज देताना ती कपाटाची किल्ली इतर किल्ल्यांच्या जुडग्यात देऊ नये. सांकेतिक नंबर आणि नावं यांची यादी लाखेच्या मोहोरेने बंद करून, नव्या प्रमुखांच्या हातात समक्ष, पोच घेऊन द्यावी. चार्जच्या कागदावर 'एक मोहोरबंद पाकीट' एवढंच लिहावं.